रंग न दिलेली गाडी : जुन्या पिकअपची साक्ष

आजचा धागा ना एखाद्या लढाईचा आहे, ना राजघराण्याचा. तो एका मालवाहू गाडीचा आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२८ सप्टेंबर २०१३. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात पिअर्स नावाचे लहानसे गाव आहे. त्या दिवशी गावाजवळच्या एका शेतात हजारो माणसे लोटली होती. गावातली ‘लॅम्ब्रेक्ट शेव्हरोले कंपनी’ ही मोटारींची विक्रीपेढी १९४६ मध्ये उघडली आणि १९९६ मध्ये बंद झाली. पेढीच्या मालकांची रीत जगावेगळी होती. नव्या गाडीच्या बदल्यात ग्राहकाने दिलेली जुनी गाडी ते सहसा पुन्हा विकत नसत. वर्ष सरले तरी पडून राहिलेल्या नव्या गाड्याही तशाच ठेवून देत. साठत गेलेल्या सुमारे ५०० गाड्यांचा लिलाव दोन दिवस चालला. सर्वांत मोठी बोली लागली ती १९५८ सालच्या शेव्हरोले ‘कॅमिओ’ पिकअपला. किंमत १,४०,००० डॉलर. मीटरवरचा आकडा १.३ मैल, म्हणजे जेमतेम दोन किलोमीटर.

पंचावन्न वर्षांत दोन किलोमीटर! जी गाडी ओझी वाहण्यासाठी जन्मली, तिने ओझे कधी पाहिलेच नाही.

आता दुसरी गाडी पाहू. वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन यांना १९८५ मध्ये ‘फोर्ब्स’ नियतकालिकाने अमेरिकेतील सर्वांत श्रीमंत व्यक्ती ठरवले. हे गृहस्थ फिरत होते ते १९७९ सालच्या लाल-पांढऱ्या फोर्ड एफ-१५० पिकअपमधून. त्यांना शिकारीचा नाद होता आणि गाडीत त्यांचे कुत्रे सोबत असत. १९९२ मध्ये वॉल्टन गेले; गाडी आर्कान्सामधील बेंटनव्हिल येथे कंपनीच्या संग्रहालयात आली. तिला नवा रंग दिला गेला नाही. तिच्या स्टिअरिंगच्या चाकावर कुत्र्याच्या दातांचे व्रण आहेत.

ते चाक बदलून नवे बसवणे म्हणजे एका दुपारचे काम. बाजारात तसे चाक मिळतेही. पण ते बसवल्यावर गाडीकडून कळणारे काय उरले असते? अशा लाखो गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या, त्यांतली ही एक, एवढेच.

या दोन गाड्यांमध्ये आजचा सगळा विषय सामावला आहे. जीर्णोद्धार न झालेल्या जुन्या गाडीकडे दोन प्रकारची साक्ष असते. पहिली साक्ष घडणीची : ती कशी बांधली, कोणता रंग कसा मारला, कोणते लाकूड वापरले. दुसरी साक्ष वापराची : तिने कोणाचे, कोणते काम, किती वर्षे केले. पिअर्सच्या कॅमिओकडे पहिली साक्ष जवळजवळ अस्पर्श आहे, दुसरी नाहीच. वॉल्टन यांच्या फोर्डकडे दुसरी भरभरून आहे. आणि ‘नव्यासारखी करून दाखवतो’ म्हणणाऱ्या कारागिराच्या हाती गाडी गेली की बहुधा दोन्ही जातात.

थोडे मागे जाऊ. पिकअप हा प्रकार मुळात कारखान्याने नव्हे, शेतकऱ्याने आणि गावच्या सुताराने घडवला. फोर्ड मॉडेल टी ही मोटार १९०८ मध्ये बाजारात आली. शेतकऱ्यांनी ती घेतली, मागचा भाग काढला आणि तिथे लाकडी पेटी ठोकली. दूध, कोंबड्या, बी-बियाणे, कुंपणाचे खांब, सगळे त्या पेटीतून जाऊ लागले. हे पाहून एप्रिल १९२५ मध्ये फोर्ड कंपनीने स्वतःच तयार पेटीची गाडी विकायला काढली. नाव लांबलचक : ‘मॉडेल टी रनअबाउट विथ पिकअप बॉडी’. किंमत २८१ डॉलर, इंजिन २० अश्वशक्तीचे. पहिल्याच वर्षी सुमारे ३४ हजार गाड्या तयार झाल्या.

ही गाडी म्हणजे अवजार होते, नांगराच्या पंक्तीतले. नांगर कोणी जपून ठेवतो का? फाळ झिजला की बदलतो, मोडला की भंगारात देतो. अवजारांच्या इतिहासाची अडचण हीच आहे. राजाची पालखी टिकते, भोयांच्या खांद्यावरची चुंबळ टिकत नाही. श्रीमंतांच्या रोल्सरॉइस गाड्या जपल्या गेल्या. शेतावरच्या पिकअप कुंपणाकडेला कुजल्या. म्हणून मूळ रंगातली, मूळ फळ्यांची, चालू स्थितीतली जुनी पिकअप दुर्मीळ असते आणि म्हणूनच ती मोलाची असते.

उदाहरण म्हणून एकच गाडी धरू, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही. दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४७ च्या उन्हाळ्यात शेव्हरोलेने ‘ॲडव्हान्स डिझाइन’ नावाच्या मालवाहू गाड्या आणल्या. त्यांतली अर्ध्या टनाची ३१०० ही पिकअप १९५५ च्या आरंभापर्यंत बनत होती. गोल खांदे, पाच आडव्या पट्ट्यांची जाळी, सुरुवातीच्या वर्षांत दोन तुकड्यांची पुढची काच. एका रांगेत सहा सिलिंडर, सहा व्होल्टची वीज, चारही चाकांना ड्रम ब्रेक. हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा आणि दोन फळ्यांच्या मध्ये लोखंडी पट्ट्या.

मूळ यादीत काय नव्हते, हेही पाहण्यासारखे आहे. हीटर वेगळे पैसे देऊन घ्यावा लागे. मागचा दिवा एकच, डावीकडे. उजवीकडचा हवा असेल तर जादा आकार. वळण्याचे दिवे गाडीसोबत येत नसत. काचेतून हात बाहेर काढून खूण करायची. सीटबेल्ट तर नव्हतेच. म्हणजे एखाद्या जुन्या गाडीवर उजवा दिवा असेल, तर तो पहिल्या मालकाची ऐपत सांगतो, किंवा नंतर बदललेला कायदा सांगतो. दिव्याची बनावट आणि वायर जोडण्याची पद्धत पाहून दोहोंपैकी काय ते ठरवता येते. अर्थात दिवा आणि वायर जागेवर असतील तरच.

अशी गाडी वाचायची कशी? मोडी कागद वाचणारा आधी मजकूर वाचत नाही. कागद, शाई, घड्या, शिक्का पाहतो. इथेही तसेच. चालकाच्या खिडकीच्या कडेचा रंग उडालेला असतो, कारण तिथे वर्षानुवर्षे कोपर टेकलेले असते. क्लचच्या पेडलचे रबर एका बाजूने झिजलेले असते. दारावर कधीतरी शेताचे किंवा दुकानाचे नाव रंगवलेले असते. अक्षरे खरवडली गेली तरी त्यांच्याखालचा रंग उन्हापासून बचावलेला असल्याने तिरप्या प्रकाशात नाव पुन्हा उमटते. हौद्याच्या बाजूंना पडलेली भोके सांगतात की इथे कधीकाळी गुरांसाठी कठडा होता. डॅशबोर्डवर हाताने ओढायचा थ्रॉटल असतो. गाडी उभी करून तिच्या इंजिनावर एखादे यंत्र चालवायचे असेल तर त्याचा उपयोग होई. त्याची मूठ गुळगुळीत झाली असेल, तर ही गाडी रस्त्यापेक्षा शेतात अधिक राबली, असा तर्क करता येतो. तर्कच तो, पण निराधार नाही.

आता जीर्णोद्धाराकडे वळू. आपल्याकडे हा शब्द पुण्यकर्माचा आहे, त्यामुळे त्याविरुद्ध बोलताना जीभ अडखळते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत मोटारींच्या स्पर्धांनी एक चाल पाडली. गाडी पूर्ण सुटी करायची, चेसिस उघडी करायची, प्रत्येक पत्र्यावर वाळूचा मारा करून शेवटच्या कणापर्यंत रंग काढायचा, नव्याने रंगवायची, चकाकवायची. परीक्षक गुण मोजत आणि शंभरपैकी शंभर गुणांची गाडी घडवण्याची चढाओढ लागे. त्यातून ज्या गाड्या उभ्या राहिल्या, त्या कारखान्यातून निघालेल्या गाड्यांपेक्षा कितीतरी देखण्या होत्या. आणि खोट इथेच आहे.

हौद्याच्या फळ्यांचेच पाहा. शेव्हरोलेच्या हौद्यात साध्या पाइनच्या फळ्या असत, त्याही रंग फासलेल्या. त्यांवर खते, दगड, दुधाचे कॅन आपटणार होते; तिथे शोभेला कोण विचारतो? आज प्रदर्शनांत उभ्या असणाऱ्या याच गाड्यांचे हौदे पाहा : ओकच्या फळ्या, त्यांवर आरशासारखे वॉर्निश, मध्ये चकाकणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या. दिसायला सुरेख. पण तो दिवाणखाना आहे, हौदा नव्हे. एखाद्या मुलाने आज अशा दहा गाड्या पाहिल्या, तर १९५० च्या शेतकऱ्याकडे वॉर्निश केलेला हौदा होता, असेच तो समजणार. हा निष्कर्ष चुकीचा ठरवायचा, तर कोठेतरी न बदललेली एक तरी फळी शिल्लक हवी.

हा वाद मोटारींपेक्षा पुष्कळ जुना आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्यूक मध्ययुगीन इमारती ‘पूर्ण’ करत होते. कित्येकदा त्या जशा कधीच नव्हत्या तशाही. इंग्लंडमध्ये जॉन रस्किन यांनी १८४९ मध्ये याला कडाडून विरोध केला. त्यांच्या मते असा जीर्णोद्धार म्हणजे इमारतीचा नाशच होता. १८७७ मध्ये विल्यम मॉरिस यांनी प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. जुन्या भिंती खरवडण्याला विरोध म्हणून तिला ‘अँटी-स्क्रेप’ हे टोपणनाव पडले. पुढे १९६४ ची व्हेनिस सनद आली आणि स्मारकांच्या बाबतीत सर्व काळांतील थरांचा मान राखणे हे तत्त्व ठरले.

मोटारींपर्यंत हा विचार पोहोचायला आणखी अर्धे शतक लागले. जुन्या वाहनांच्या संघटनांचा ‘फिवा’ हा आंतरराष्ट्रीय महासंघ १९६६ पासून काम करतो. त्याने व्हेनिस सनदेच्या धर्तीवर २०१२ मध्ये तूरिन सनद सिद्ध केली. तिचा गाभा असा : आधी जतन, मग गरजेपुरती दुरुस्ती, आणि जीर्णोद्धार अगदी शेवटी, जे बदलाल त्याची नोंद ठेवा आणि नवा भाग नवा म्हणून ओळखू येऊ द्या. कॅलिफोर्नियातील पेबल बीच हे जुन्या मोटारींचे सर्वांत प्रतिष्ठित प्रदर्शन. तिथे २००१ पासून जीर्णोद्धार न झालेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग आहे. फिकट रंगाची, फाटक्या सीटची गाडी तिथल्या हिरवळीवर मानाने उभी राहू लागली.

या बदलामागच्या लोकांत एक नाव ठळक आहे : फिलाडेल्फियाचे डॉ. फ्रेडरिक सिमिओन. पेशाने मेंदूचे शल्यविशारद, छंदाने शर्यतीच्या गाड्यांचे संग्राहक. २००८ मध्ये त्यांनी आपले संग्रहालय लोकांसाठी खुले केले. त्यांच्याकडील १९६४ ची कोब्रा डेटोना कूपे ही गाडी २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीतली पहिली नोंद ठरली. तिचाही जीर्णोद्धार झालेला नाही. पण मला सिमिओन यांची दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. त्यांच्या संग्रहालयात गाड्या नुसत्या उभ्या राहत नाहीत. ठरलेल्या दिवशी संग्रहालयामागच्या मोकळ्या जागेत त्या लोकांसमोर चालवल्या जातात.

इथे खरी पंचाईत सुरू होते. गाडी चालवली की ती झिजते. मूळ टायर रस्त्यावर घासले जातात, मूळ ब्रेकपट्ट्या भुगा होतात, पावसाचा एक शिडकावा उघड्या पत्र्यावर नवा गंज आणतो. साक्ष जपायची, तर गाडी कपाटात ठेवावी. मग चालवायचीच कशाला?

याचे एक उत्तर यांत्रिक आहे. उभी गाडी जपलेली राहते, हा भ्रम आहे. तेल खाली निथळते आणि सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडून गंजतात. रबरी सील सुकतात, तडकतात. टाकीतले पेट्रोल चिकट होऊन कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजवते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि ब्रेकच्या सिलिंडरला आतून खाते. महिन्याकाठी इंजिन पूर्ण तापेल एवढी फेरी मारणे हे चेसिसवर टाकलेल्या ताडपत्रीपेक्षा मोठे जतन आहे.

दुसरे उत्तर इतिहासाचे आहे आणि मला ते अधिक मोलाचे वाटते. काही गोष्टी गाडी चालू असतानाच कळतात. १९४७ च्या या शेव्हरोलेचे २१६ घनइंचाचे इंजिन घ्या. त्यात क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगला दाबाने तेल मिळते. पण कनेक्टिंग रॉडच्या टोकाला लहानशी पळी असते आणि प्रत्येक फेऱ्याला ती तेलाच्या पन्हळीत बुडून तेल उडवते. बेअरिंगही मऊ बॅबिट धातूचे. मागच्या आसाचे गुणोत्तर ४.११, म्हणजे ओढायला जोर भरपूर, पण वेग वाढवला की इंजिन भराभर फिरू लागते. परिणाम असा, की ताशी ७०–८० किलोमीटरला गाडी सुखात असते. त्यापुढे तासन्‌तास रेटली तर बेअरिंग ठोकू लागतात.

हे आकडे पुस्तकातही आहेत. पण ती गाडी घेऊन आजच्या द्रुतगती मार्गावर जा. मागून येणारे ट्रकसुद्धा हॉर्न वाजवू लागतात, तेव्हा लक्षात येते की ही गाडी या रस्त्यासाठी बनलेलीच नाही. अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला १९५६ मध्ये. तोवर या गाडीचे उत्पादन संपलेही होते. ती बनली शेत आणि बाजारगाव यांच्यामधल्या रस्त्यासाठी. थांबत, वळत, कच्च्यावरून पक्क्यावर येत. पहिला गिअर घालायचा तर गाडी पुरती थांबवावी लागते, नाहीतर क्लच दोनदा दाबावा लागतो. वायपर इंजिनाच्या निर्वातावर चालतो, त्यामुळे चढावर ॲक्सिलरेटर दाबला की भर पावसात वायपर मंदावतो. चालक मग क्षणभर पाय सैल सोडतो, काच पुसली जाते, पुन्हा दाबतो. त्या काळच्या प्रत्येक चालकाच्या पायाला ही लय माहीत होती. तिची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

म्हणून चालवावी, पण डोळस राहून. या गाडीच्या ब्रेकला एकच मास्टर सिलिंडर आणि एकच कप्पा असतो. चारपैकी एका चाकाची रबरी नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. उरतो फक्त हँडब्रेक. दुहेरी ब्रेकव्यवस्था अमेरिकेत प्रवासी मोटारींना बंधनकारक झाली १९६८ मध्ये. तेव्हा सत्तर वर्षांची नळी ‘मूळ आहे’ म्हणून ठेवणे हे जतन नव्हे, शुद्ध अविचार आहे. नळ्या, टायर, पट्टे, ब्रेकपट्ट्या या मुळातच झिजून बदलण्यासाठी बनवलेल्या वस्तू होत. त्या बदलाव्यात. वायरिंगवरचे कापडी वेष्टन हाताला भुगा लागत असेल, तर तेही. या गाड्यांत १९४९ पासून पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, केबिनच्या आतच आहे. तिथे उघडी वायर आणि गळकी नळी एकत्र आली तर काय होईल, हे सांगायला नको. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि जुने रबर त्याने मऊ पडून फुटते, हेही ध्यानात ठेवावे.

नियम एवढाच : काढलेला भाग फेकायचा नाही. त्याला चिठ्ठी बांधायची, तारीख आणि मीटरचा आकडा लिहायचा, खोक्यात ठेवायचा. आपल्यानंतरच्या अभ्यासकाला मूळ नळी कशी होती हे पाहता आले पाहिजे.

रंगाचा प्रश्न याहून नाजूक. उडालेल्या, फिकटलेल्या, खालचे थर दाखवणाऱ्या या पृष्ठभागाला जाणकार ‘पॅटिना’ म्हणतात. तांब्यावरचा हिरवा थर आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज तसे करत नाही. तो सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो आणि आत आत खात जातो. त्यामुळे ‘गंज म्हणजे इतिहास, त्याला हात लावू नका’ हे म्हणणे भाबडेपणाचे आहे. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून तिथल्या जुन्या पिकअप तळातून गेल्या. जास्त उरल्या त्या ॲरिझोना, न्यू मेक्सिकोच्या कोरड्या हवेत. करायचे ते असे : दारांच्या आत, मडगार्डच्या घड्यांत, चेसिसच्या पोकळीत मेण किंवा तेल सोडायचे, पाणी निथळण्याची भोके मोकळी ठेवायची, बाहेरचा रंग हलक्या हाताने पुसून मेण लावायचे. मेण उद्या काढता येते. काही जण जवसाचे उकळलेले तेल फासतात. गाडी चार दिवस झळाळते, मग ते तेल वाळून काळपट पापुद्रा होतो, धूळ धरतो आणि सहजी निघत नाही. त्याहून वाईट म्हणजे जुन्या रंगावर पारदर्शक लाखेचा फवारा मारणे. तो एकदा बसला की परत फिरता येत नाही.

आणि आता तर नकली पॅटिनाही निघाला आहे! जीर्ण रूपाला भाव आला, तशी नव्या पत्र्यावर ठिकठिकाणी रंग घासून, आम्ल लावून, दारावर कधीच अस्तित्वात नसलेल्या दुकानाचे पुसट नाव रंगवून गाड्या ‘जुन्या’ केल्या जातात. बनावट सनदांची ज्यांना ओळख आहे, त्यांना याचे नवल वाटू नये. पकडायची रीतही तीच. खरी झीज जिथे हात, कोपर, बूट, दोर लागतो तिथेच असते. बनावट झीज जिथे नजर जाते तिथे असते. बॉनेटच्या मधोमध सुंदर गंज आणि क्लचच्या पेडलवर कोरे रबर दिसले की सावध व्हावे.

आता आपल्याकडे येऊ, कारण हा विषय मुंबईला परका नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला आणि शेव्हरोलेच्या मोटारी व ट्रक तिथे जोडले जाऊ लागले. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्यात क्रायस्लर गटाच्या गाड्या तयार होऊ लागल्या. १९४७ पासून महिंद्रांनी विलिस जीपची जुळणी सुरू केली. १९५३ मध्ये सरकारने, देशात सुटे भाग न बनवता केवळ जुळणी करणाऱ्यांना आवरते घ्यायला लावले आणि जनरल मोटर्स गेली. पण तिचे ट्रक पुढेही दीर्घकाळ राबले.

ते मूळ रूपात का सापडत नाहीत, याचे कारण आपल्या वापरण्याच्या पद्धतीत आहे. इथे ट्रक बहुधा चेसिस आणि बॉनेटपुरताच विकत घेतला जाई. केबिन आणि हौदा स्थानिक सुतार-लोहार बांधत. दर काही वर्षांनी पासिंगला न्यायचे म्हणून रंग, नव्या मालकाचे नाव, नव्या देवाचे नाव, पुन्हा रंग. पेट्रोल परवडेना म्हणून डिझेलचे इंजिन. शेवटी चेसिस भंगारात. अमेरिकन नियम इथे जसाच्या तसा लावला, तर आपल्याकडे ‘मूळ’ काहीच नाही असे म्हणावे लागेल, आणि ते चूक ठरेल. आपल्या गाडीचा मूळ हौदा म्हणजे सुताराने बांधलेला हौदा. शेंदराचे कवच गळून पडल्यावर आतली मूर्ती दिसते, तसे त्या रंगांच्या थरांखाली मालकांची, गावांची, धंद्यांची नावे एकावर एक आहेत. ते सगळे खरवडून त्यावर डेट्रॉइटच्या माहितीपत्रकातला हिरवा रंग चढवला, तर महाराष्ट्रातल्या त्या ट्रकचा इतिहास पुसून अमेरिकेतल्या ट्रकचा इतिहास रंगवल्यासारखे होईल.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली, चेसिस, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरबदल न केलेली दुचाकी आणि चारचाकी वाहने त्यात येतात. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. रोजच्या वापरास आणि व्यवसायास बंदी. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते. नियम चांगला आहे. मात्र तो मुख्यतः मोटारींच्या मालकांना डोळ्यांपुढे ठेवून केलेला वाटतो. सुताराने बांधलेल्या हौद्याला ‘मूळ रूप’ म्हणायचे की ‘फेरबदल’, हे परिवहन कार्यालयातल्या अधिकाऱ्याला कोण पटवून देणार?

तेव्हा मित्रहो, एक विनंती. तुमच्या गावी, आजोळी, एखाद्या गुऱ्हाळामागे किंवा जिनिंगच्या आवारात जुनी मालवाहू गाडी किंवा जीप उभी असेल, तर कोणी तिला रंग देण्याआधी तिचे फोटो काढा. नुसता समोरून नको. इंजिनावरची क्रमांकाची पट्टी, दारावरची अक्षरे, सकाळच्या तिरप्या उन्हात, पेडलची रबरे, सीटखालचा पत्रा, हौद्याचा तळ, सुताराने मारलेले खिळे. ती चालवलेला माणूस हयात असेल, तर त्याला गाडीशेजारी बसवून बोलते करा. कोणत्या घाटात कोणता गिअर लागे, हे तोच सांगू शकेल.

आणि उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी बॅटरी जोडून स्टार्टर मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडा, दोन-चार दिवस मुरू द्या, मग हँडलने इंजिन हाताने सावकाश फिरवून पाहा. अडले तर जोर लावू नका.